रेतीवरचा मारुती

चोच पिकलेल्या संत्र्याच्या रंगाची, डोक्यावर काळी टोपी आणि शेपटीला दोन टोकं, जशी कोणी मधून कैची मारली. हे पाखरू मी लहानपणापासून आमच्या नदीवर पाहत आले, पण त्याला स्वतःचं नाव असतं हे मला अकरावीत कळलं. आमच्या गावात चिमणी, कावळा, पोपट आणि मोर सोडले तर बाकी सगळे नुसते ‘पाखरू’. जयश्री मॅडम सौंसरला आम्हाला जीवशास्त्र शिकवतात. आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून शाळेत सगळं हिंदीत चालतं, पण मॅडम पांढुर्ण्याच्या, त्यामुळे तास संपला की आमचं मराठी सुरू. त्यांनी माझ्या मोबाईलमधला फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"अगं, ही तर नदी सुरय! कुठे दिसली तुला?"

"आमच्या रेतीवर, मॅडम. अंडी पण आहेत."

मॅडम खुर्चीतून उठल्याच.

आमचं गाव जाम नदीच्या काठावर, लोधीखेड्याच्या अलीकडे. होळी झाली की नदी आखडते आणि पात्राच्या मधोमध रेतीचा एक लांब उंचवटा उघडा पडतो, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. त्यावर एका टोकाला थोडं कास गवत, बाकी नुसती पांढरी रेती. उभं राहून पाहिलं तर काहीच नाही. पण मी एकदा चप्पल शोधायला गुडघ्यावर बसले आणि बसलेच! मुंग्यांना पकडायला रेतीत छोटे छोटे गोल खड्डे करून तळाशी लपलेले किडे. सरड्याच्या शेपटीची रेघ. आणि माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, नुसत्या एका खळग्यात, रेतीच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची तीन अंडी. ना काडी, ना गवत. अजून थोडी पुढे सरकले असते तर माझ्याच गुडघ्याखाली गेली असती. वर दोन पाखरं माझ्या डोक्याशी येऊन किंचाळत होती. मी फोटो काढला आणि पळाले.

मॅडम म्हणाल्या, "ऊन वाढलं ना, की ती पाण्यावर जाते, पोट भिजवते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते. म्हणून अंडी वाचतात. नाही तर एप्रिलच्या रेतीत ती शिजतील. पण एक लक्षात ठेव. माणूस जवळ असला तर ती खाली उतरत नाही. बघायचं तर काठावरून."

मी काठावरून पाहायला लागले. एक नव्हे, तीन जोड्या होत्या. पूर्वी म्हणे नदीभर असायच्या. पण खालच्या अंगाला रेती उपसून उपसून पात्रात आता नुसते दगड दिसतात. उरलेली रेती म्हणजे एवढीच, आमच्या गावापुरती. आणि तिच्यावरही रोज सकाळी रेती विकणाऱ्या वीरेंद्रभाऊचा ट्रॅक्टर उतरत होता. खालच्या टोकाकडून सुरुवात केली होती त्याने. चाकांच्या खुणा रोज थोड्या अंड्यांकडे सरकत होत्या.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायलाही घाबरायचे. मग पंधरा ऑगस्टला भाषणवाल्या मुलीला ताप आला, मॅडमनी मला पुढे ढकललं, आणि काय झालं कोण जाणे, मी बोलले! टाळ्या पडल्या! तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही, असं आई म्हणते. त्यामुळे मी सरळ ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिले.

"वीरेंद्रभाऊ, वरच्या बाजूनं नका ना येऊ. तिकडे अंडी आहेत."

"कोणाचे?"

"नदी सुरयचे."

"हे सुरय कोणाची पोट्टी? आपल्या गावची तं नाही वाटत."

ट्रॉलीतले सगळे खो खो हसले. मी हलले नाही. पंधरा ऑगस्टच्या आवाजात नदी, निसर्ग, आपली जबाबदारी, सगळं सांगितलं. वीरेंद्रभाऊने इंजिन बंद करून ऐकलं, हे मात्र कबूल करते. मग म्हणाला, "भाषण जबरदस्त करून राहिली तू. पण हे ज्याच्या स्लॅबले रेती पाहिजे त्याले सांग. मले कायले सांगते? मी आज नाही आलो तं उद्या दुसरा येईन."

मी बाजूला झाले. आमच्या घरची वरची खोली मागच्याच वर्षी झाली. रेती इथलीच होती.

उपाय सुचला बसमध्ये. आमच्या गावाहून सौंसरला जाताना एक वळण लागतं. रस्ता अगदी सरळ चाललेला असतो आणि एका कडुलिंबापाशी एकदम पोट सोडल्यासारखा बाहेर येतो, पुन्हा सरळ होतो. का? तर झाडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. रस्ता करणाऱ्यांनी रस्ता वाकवला, दगड नाही हलवला. मी शिवानीला इतक्या जोरात कोपर मारलं की तिच्या हातातला कुरकुऱ्याचा पुडा खाली पडला. शिवानी म्हणजे माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. तिला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते, आणि प्रत्येक गोष्टीत ती सोबत असते.

"पाप लागलं तं?" ती म्हणाली.

"पाखरं वाचवायले कुठी पाप लागते?"

"मारुतीले विचार आधी."

"विचारलं. काही नाही बोलला."

"मंग हो म्हटलं असन," शिवानी म्हणाली, आणि पुडा उचलून खायला लागली.

त्याच संध्याकाळी आम्ही नदीतून एक गोल गुळगुळीत दगड उचलला. शेंदूर आईच्या देवघरातून, तेल स्वयंपाकघरातून. संत्र्याच्या लगडलेल्या फांद्यांना टेका द्यायला बाबा बांबू आणतात, त्यातला एक घेतला आणि त्याला मागच्या शोभायात्रेचा भगवा झेंडा बांधला. जिथून ट्रॅक्टर वर चढू शकतो, बरोब्बर त्या चढणीवर दगड बसवला. पाखरांपासून लांब. शिवानीने खरोखर हात जोडले. मीही जोडले. खोटं का बोलू, जोडताना खोटं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावरच्या बोरीमागे बसलो होतो. ट्रॅक्टर आला. चढणीपाशी थांबला. वीरेंद्रभाऊ उतरला, चपला काढल्या, दगडाला हात लावून कपाळाला लावला, इकडे तिकडे पाहिलं, आणि ट्रॅक्टर मागे घेऊन निघून गेला. रिकामा! आम्ही दोघी बोरीच्या काट्यांमध्ये नाचलो. माझा दुपट्टा फाटला. मॅडमना फोन करून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगं कार्टे! पण चाललं, हे चाललं!"

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात छान होते. रेतीवर एक चाक उमटलं नाही. मी रोज शाळेतून आले की काठावर जाऊन बसायची. सुरय पाण्यावर तरंगल्यासारखी उतरायची, पोट भिजवायची, परत जायची आणि अंग हलवत अंड्यांवर बसायची. आईच्या ओल्या पदरासारखं. मला वाटायचं, हे मी केलं. मी!

मग एक दिवस दगडापुढे नारळाची करवंटी दिसली. मग अगरबत्त्यांच्या काड्या. मग कोणीतरी रुईच्या पानांची माळ घातलेली. सगळं कळलं ते किराणा दुकानात. वीरेंद्रभाऊ तिथे उभा राहून सांगत होता.

"गॅरेजवाल्यानं तीनदा खोललं, क्लच काही सुधरला नाही. त्या दिवशी याच्यापुढे हात जोडले, आन् तिथून गेअर असे पडून राहिले, जसं लोणी! आपणहून निघालेला देव आहे बाप्पा तो. पहिल्या दिवशी रेती नव्हती काढली, म्हणून पावला मले."

"वीरेंद्रभाऊ, आधी तिथे काही नव्हतं ना?" मी म्हटलं. मला वाटलं त्याच्या डोक्यात प्रकाश पडेल.

"तेच तं सांगून राहिलो! आधी काहीच नव्हतं!"

नारळाच्या तुकड्यांवर कावळे आले. कावळ्यांमागे कुत्रे. एका सकाळी तिसऱ्या खळग्यात नुसती टरफलं होती आणि ती जोडी वर घिरट्या घालत होती. मी शिवानीला म्हटलं, चल, उचलून टाकू. उजाडता उजाडता गेलो, तर दगड हलेना. खाली ओटा बांधला होता, सिमेंटचा, ओला. सिमेंट वीरेंद्रभाऊने आणलं होतं. रेती आणायची गरजच नव्हती, तिथलीच घेतली होती. शिवानी ओट्याकडे पाहत राहिली. "हा तं बसला आता," ती म्हणाली.

मॅडमना फोन केला. यावेळी त्या हसल्या नाहीत. "मी येऊ शकते गं. पण येऊन काय सांगू? देव उचला म्हणू? माझं कोण ऐकेल, आणि ऐकलं नाही तर तुझं काय होईल गावात?" मग म्हणाल्या, "गावातल्या मोठ्या माणसाशी बोल. खरं खरं सांग."

गावातलं मोठं माणूस म्हणजे भैय्याजी. भजन मंडळ त्यांचं, पंगतीचे गंज, म्हणजे मोठी पातेली, त्यांच्याकडे, आणि भांडण झालं की लोक आधी त्यांच्याच ओसरीवर येतात. हनुमान जयंती जवळ आली होती. आमच्याकडून लोक त्या दिवशी पायी जामसावळीच्या मोठ्या मारुतीच्या दर्शनाला जातात, आणि यंदा ठरलं होतं की पायी जाणाऱ्यांनी नदी ओलांडताना रेतीवरच्या मारुतीपाशी थांबायचं, तिथेच महाप्रसाद. मी गेले तेव्हा ओसरीवर त्याचीच बैठक भरली होती. वीरेंद्रभाऊ होता, बायका होत्या, माझी आईही होती.

मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. "भैय्याजी, तो मारुती मी बसवला. दगड मी नदीतून उचलला. शेंदूर आमच्या घरचा आहे. ट्रॅक्टर येऊ नये म्हणून केलं, पाखरांच्या अंड्यांसाठी. तिथे पंगत नका करू."

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता ओरडतील, मारतीलही कदाचित. मारलं असतं तर बरं झालं असतं.

भैय्याजी हसले. इतके प्रेमाने हसले! "मंग कोण बसवते, बाई? देव का आपल्या पायानं चालत येते? कोणाच्या तरी हातूनच येते तो. यंदा तुह्या हातून आला."

"पण मी तं मुद्दाम..."

"तुले वाटते मुद्दाम. तुले हे सुचवलं कोणी?"

मला बसमध्ये सुचलं, असं म्हणू? मी म्हटलंसुद्धा. "बसमधी असतानी सुचवलं पाहा त्यानं!" कोणीतरी बाई म्हणाली, आणि एक म्हातारी उठून चक्क माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी मागे सरकले तर भिंत होती. वीरेंद्रभाऊ माझ्याकडे असा पाहत होता, जसं मीच त्याचा क्लच दुरुस्त केला.

भैय्याजी मात्र न्यायाचे. म्हणाले, "पोरीच्या पाखरांले त्रास नाही व्हायला पाहिजे. त्या बाजूनं दोरी बांधू. अन् रेतीले आता कोणी हात लावणार नाही, हे आपण ठरवून टाकू. देवाची रेती आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला जे हवं होतं ते सगळं, जसंच्या तसं, मला मिळालं होतं. घरी जाताना आईने माझा हात धरला होता आणि तिचा हात घामेजलेला होता.

हनुमान जयंतीला खरोखर दोरी बांधली होती. तिच्या पलीकडे कोणी पाऊल टाकलं नाही, अगदी पोरांनीही नाही. रेतीत चुली खोदल्या, भोंगा लावला, वांग्याची भाजी आणि बुंदीचा वास नदीभर. लोक येतच होते. अलीकडे माणसं, दोरी, आणि पलीकडे दोन खळगे. दोरीचं पाखरांना काय कळणार? ती वर फिरत होती. किंचाळत होती. भोंग्यामुळे त्यांचा आवाजही ऐकू येत नव्हता, नुसत्या उघड्या चोची दिसत होत्या. ऊन चढायला लागलं. रेतीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

मी भैय्याजींकडे पळत गेले. "लोकांले सांगा ना लवकर निघायले. पाखरू अंड्यावर बसून नाही राहिलं. अंडी शिजतील."

"मी कायले? तूच सांग. तुह्यासारखं कोणाले बोलता येते?" आणि त्यांनी भजन थांबवून माझ्या हातात माईक दिला.

मी बोलले. खरंच सांगते, पंधरा ऑगस्टचं भाषण त्यापुढे काहीच नव्हतं. हिंदी नाही, घरचं बोलले. ते पाखरू पोट कसं भिजवते, कसं ओल्या अंगानं येऊन बसते, खळग्यात काडीसुद्धा नसते, फक्त आपण दूर राहू एवढ्या भरोशावर ते अंडी घालते. बुंदी वाढणारे हात थांबले. बायकांनी डोळे पुसले. म्हटलं, "म्हणून हात जोडून सांगते, जेवण झालं की लवकर निघा, तिच्यासाठी रेती रिकामी करा."

टाळ्या अशा पडल्या की शिवानीने दुरून दोन्ही हात वर केले. आणि मग सगळी पंगत उठली. निघायला नव्हे. पाहायला.

कोणी दोरी ओलांडली नाही! दोरीला लागून सगळे उभे राहिले, रांगेने, शांतपणे, जामसावळीला रांगेत उभे राहतात तसे. "कुठी आहे?" "ते पाहा, रेतीच्या रंगाचे." "माय वं, काडीबी नाही खाली." लेकरांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. एका आजीने दोरीवरून फुलं फेकली. मागून येणाऱ्यांना पुढचे सांगत होते की ही तीच पोरगी. मी त्यांच्यासमोर धावत होते, "मागे व्हा, मागे व्हा ना, काका," आणि प्रत्येक जण "हो, हो, बाई" म्हणत मागे होत होता, आणि त्याच्या जागी दुसरा येत होता.

शेवटी मीच दोरीखालून आत गेले. चार काड्या खोचून दुपट्टा ताणला, पहिल्या खळग्यावर सावली केली. दुसऱ्यावर करायला काही नव्हतं, म्हणून मी स्वतः उन्हाकडे पाठ करून उभी राहिले, माझी सावली अंड्यांवर पडेल अशी. वर सुरय माझ्या डोक्याशी येऊन ओरडत होती. मी उभी होते म्हणून ती उतरत नव्हती. मी हलले असते तर ऊन. लोकांच्या मागे कावळे बसलेच होते. शिवानी दोरीपाशी येऊन म्हणाली, "वृषाली, बाहेर ये ना. तुले पाहूनच ते भिऊन राहिलं."

"मले माहीत आहे," मी म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले.

उन्हं कलल्यावर लोक जामसावळीच्या वाटेला लागले. जाताना भैय्याजींनी सगळ्या पत्रावळी उचलायला लावल्या. रेती स्वच्छ करून गेले. मी काठावर बोरीमागे जाऊन बसले तेव्हा माझे पाय भाजून लाल झाले होते. एक जोडी परत आलीच नाही, ती नदीच्या वरच्या अंगाला उडून गेली. दुसरी आली. दुपट्टा मी काढून घेतला होता. सुरय खळग्यापाशी उतरली, चोचीने एक झेंडूचं फूल बाजूला केलं, उडाली, पाण्यावर पोट टेकवलं, आली, आणि बसली. शिवानीने माझा दंड घट्ट धरला. "बसली वं! बसली!" मीही तेव्हा तसंच म्हणत होते.

मे महिना आला. मॅडमनी फोनवर विचारलं, पिल्लं निघाली का? मी नाही म्हटलं. त्या हळूच म्हणाल्या, "आता नाही निघणार, वृषाली. दिवस उलटून गेले."

रेतीवर अजूनही एक चाक उमटलेलं नाही. दर शनिवारी भजन असतं. वीरेंद्रभाऊने ओट्यावर पत्र्याचं छप्पर टाकायला घेतलंय आणि भैय्याजी मला म्हणतात, दोन शब्द बोल. मी नको म्हणते. काल वीरेंद्रभाऊ बोरीमागे माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला. त्याने बोट दाखवलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "पाहा तुह्यी पाखरीण. सगळे गेले, हे एकटी देवापाशी बसून आहे. याले म्हणते भक्ती."

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

सुरय उठली. पाण्यावर गेली, पोट भिजवलं, ओल्या अंगाने परत आली, अंग हलवलं आणि त्याच अंड्यांवर बसली.